फणसाच्या फळीवरचा समुद्र

आते कुणाच्याही घरी गेली की आधी तिथल्या फ्रिजला हात लावायची. घरातली माणसं "ये, बस" म्हणत असायची, कुणीतरी पाणी आणायला आत गेलेलं असायचं, आणि आते फ्रिजच्या कुशीवर तळवा टेकून, मान जराशी कलती करून उभी. मग पंखा, मग विहिरीवरचा पंप. "हेका धाप लागता," असं ती पंपाबद्दल म्हणायची आणि घरची माणसं ओशाळून एकमेकांकडे बघायची. माझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्यात मुलाची आई ओळख करून घ्यायला पुढे आली, तेव्हा आते त्यांच्या मिक्सरवर हात ठेवून डोळे मिटून उभी होती. "तापता तां जिता आसा," जे तापतं ते जिवंत असतं, हे तिचं नेहमीचं वाक्य. ती हे यंत्रांबद्दल म्हणायची, पण आठवडाभराने मी घरी आले की माझ्या कपाळालाही तसाच हात लावून बघायची आणि चहा टाकायला जायची.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गावात तिला सगळे मशीनआते म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तरुणपणी ती मुंबईला गेली ती टीव्हीच्या कारखान्यात लागली. लांबच लांब टेबलांवर बायकांची रांग, आणि प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची गरम सळई. त्या रांगेत तिने आयुष्याची मोठी वर्षं काढली. कारखाना बंद पडल्यावर एका दुरुस्तीच्या दुकानात बसली. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, "रवला." म्हणजे राहून गेलं. आई गेली आणि बाबा एकटे पडले, तेव्हा ती सामान बांधून वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आली. मी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणारी. शनिवारी एस्टीने घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे. बाबांपाशी आते आहे म्हटल्यावर मला तिथलं जेवण गोड लागू लागलं.

लाकूड कोरायचं एक मशीन तिने स्वतः बांधलं. जुन्या प्रिंटरच्या सळया, भंगारातले लोखंडी कोन, शिवणयंत्राचं मोडकं टेबल आणि माझा टाकून दिलेला लॅपटॉप. मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा मागे नेत तिने ते पडवीत उभं केलं. लाकडाची फळी खाली ठेवायची, वरून एक फिरतं पातं येतं, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकतं आणि कोरतं. ते सरकवायला स्टेपर मोटरी, म्हणजे केसाएवढी केसाएवढी पावलं टाकत फिरणाऱ्या. आणि प्रत्येक मोटरीला एक ड्रायव्हर. नखाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळा चौकोन. कुठल्या पावलाला किती वीज द्यायची ते हा ड्रायव्हर सांभाळतो. मशीन चालू झालं की मोटरी गायच्या. खरंच गायच्या. सरळ रेघ असली की एकच सूर, वळण आलं की सूर वर चढायचा आणि वळण संपलं की हळूच खाली उतरायचा. दुपारी माडांच्या सावल्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, लांबत असायच्या, वाऱ्याला सुक्या मासळीचा वास असायचा आणि पडवीतून हे असं काहीतरी गुणगुणत असायचं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "आते गायता काय गो?"

बाबा तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा माणूस. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. शेवटी उजेड आणि काळोख एवढंच कळायचं. नजरेबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. खळ्यात खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसायचे. विचारलं तर "हां" किंवा "नाय". जेवायला वाढलं तर दोन घास घेऊन ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली.

आतेने आधी काही ठरवलं होतं असं मला वाटत नाही. मशीन नीट चालतं का बघायला तिने एका पाटीवर बाबांच्या विकून टाकलेल्या होडीचं नाव कोरलं, 'सागरलक्ष्मी', आणि भुसा झटकायला म्हणून पाटी खळ्यात आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. मी तिथेच तांदूळ निवडत होते. बाबांची बोटं अक्षरांवरून गेली, थांबली, परत मागे आली.

"बाय," ते म्हणाले. ते आतेला बायच म्हणत. "हेच्यातल्या 'ल'चा पोट फुगला आसा."

कित्येक दिवसांत त्यांचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. आतेने नुसतं "दुरुस्त करतंय" म्हटलं. थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "हेच्यावर किनारो काढूक येतलो?"

"येतलो."

"आणि पाण्याखालचां?"

आतेने पाटीवरचा भुसा झटकला. तिला पाण्याची भीती होती. समुद्राकाठी जन्मून ती कधी गुडघ्यापुढच्या पाण्यात गेली नव्हती, होडीत तर पायही ठेवला नव्हता. मग ती म्हणाली, "तू सांग दादा, मी काढतंय. माका खंय काय म्हायत!"

तिथून आमच्या घराचं स्वप्नासारखं काहीतरी झालं. दुपारची जेवणं आटोपली की आते लॅपटॉप घेऊन खळ्यात बसायची आणि बाबा सांगू लागायचे. जितकं खोल तितकं पडद्यावर काळं करायचं, उथळ तिथे पांढुरकं. मशीन तो रंग वाचायचं आणि काळ्या ठिकाणी पातं खोल उतरवायचं. बाबांनी तो तळ डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हताच. दोरीला शिसं बांधून सोडलेलं, जाळ्याला लागलेली ओढ, नांगर घसरला की अडकला, वर आलेल्या चिखलाचा वास, यांतून त्यांना तो कळलेला. "हयसून वाळू. मऊ, रव्यासारखी. थोडा फुडे गेलंस की एकदम खाली, घळ आसा थंय. आणि हयसर खडक. हय जाळा टाकलंस तर फाटतला." बोलता बोलता त्यांचा हात हवेत तळ चाचपत असायचा. आते मध्येच विचारायची, "खडकाची धार खंयच्या बाजूक?" आणि ते क्षणभर थांबून, जणू खाली उतरून बघून आल्यासारखे सांगायचे. मी शनिवारी यायचे तेव्हा समुद्र आणखी थोडा पुढे गेलेला असायचा.

फळी फणसाची होती, पिवळीधमक. आते एक एक पट्टा कोरायची आणि बाबा हाताने तपासायचे. चुकलं असेल तर ती पुन्हा कोरायची. "घाय नको. घाय केल्यार डाग कच्चो रवता," हे तिचं कारखान्यातलं, सोल्डरच्या जोडाबद्दलचं वाक्य. ताट आता रिकामं होऊन परत यायचं. एकदा त्यांनी बांगड्याचं तिखलं पुन्हा मागितलं, तेव्हा आते चुलीकडे तोंड फिरवून बराच वेळ उभी राहिली.

ऑक्टोबरच्या उन्हात ते घडलं. मी घरीच होते, पण मागे कपडे वाळत घालत होते. आते विहिरीवर. मशीन घळीचा भाग कोरत होतं. मोटरींचं गाणं एकदम तुटलं, नुसती घरघर आली, आणि पडवीतून जळका, आंबूस वास आला. मी धावले तर बाबा मशीनपाशी उभे. नवं कोरलेलं हाताला लागेपर्यंत धीर धरवेना म्हणून एकटेच चाचपत आले होते. आते ओल्या पायांनी आली, तिने आधी भिंतीवरचा खटका बंद केला, मग बाबांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"लाईट वर-खाली झाली असतली," आते म्हणाली. "दोन ड्रायव्हर गेले."

विहिरीवर मागाहून तिने मला खरं सांगितलं. बाबांचा हात वायरींत अडकून दोन मोटरींच्या पिना निघाल्या होत्या, आणि त्यांनी त्या घाईने परत खोचल्या होत्या. चालू मशीनमधून मोटरीची पिन निघाली की ड्रायव्हर जळतो. त्यांनी खोचलेली एक पिन उलटी बसली होती, त्यावरून तिला कळलं. "तू बोलू नको," ती मला म्हणाली. "इतक्या दिवसांनी माणूस बोलाक लागलो."

पण बाबा पुन्हा बोलायचे थांबले. "ऱ्हवांदे आता ता," एवढंच म्हणाले. दुपारी खळ्यात जाऊन बसले, पश्चिमेकडे तोंड करून. ताटातला भात तसाच.

त्या दिवसांत एकच हसण्यासारखी गोष्ट झाली. आते कुंपणापाशी फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होती, "दोनय ड्रायव्हर जळले गो! जाग्यार जळले!" शेजारच्या शेवंताकाकूने ते ऐकलं. ती छातीवर हात ठेवून धावत आली. "अगे बाये माझे! खंयच्या गाडयेचे?"

"गाडयेचे न्हय. आमचेच. घरातले."

काकू मटकन पायरीवर बसली. मग आतेने तिला जळका ड्रायव्हर तळहातावर ठेवून दाखवला. काळ्या चौकोनाला टाचणीने टोचल्यासारखं भोक पडलं होतं. काकूने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हो? हेच्यासाठी माझो जीव गेललो!" बाबा तिथेच बसलेले. त्यांच्याकडे माझं लक्ष होतं. ते हसले नाहीत.

फोनवर होती ती फिलोमिना. कारखान्याच्या रांगेत आतेच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन म्हापशाला गेली, नवऱ्याचं रेडिओचं दुकान होतं, तो गेल्यावर तिनेच चालवलं. आतेच्या बोलण्यात ती मिठासारखी असायची. "फिलो असती तर," "फिलोक इचारूक व्हया." तिने ड्रायव्हर मिळवले आणि वेंगुर्ल्याला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिले. ते घ्यायला मी स्टँडवर गेले. खाकी शर्टातल्या त्या माणसाने सीटखालून बिस्किटाचा डबा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या बायन सांगल्यान, हेच्यात ड्रायव्हर आसत. मी म्हटलंय, मगे गाडी माका कित्याक चलवूक लावतंस?"

डब्यात चंदेरी कागदात गुंडाळलेले ड्रायव्हर होते, आणि केळीच्या पानात दोदोल, गोव्याकडची गुळाची मऊ वडी.

आतेने मशीनची वीज काढली, बाहेर जाऊन हात धुऊन आली, चष्मा पुसला. जळके ड्रायव्हर बोटांनी अलगद डोलवत सुटे केले आणि नवे खोचले. मग खटका दाबला. फट् असा आवाज झाला आणि धुराचा बारीक धागा वर गेला. तिने एक उलटा बसवला होता. हे काम तिने आयुष्यभर डोळे मिटून केलं होतं. ती पाटावर बसली, पदराने कपाळ पुसलं. मला वाटलं आता रडेल. तिने डबा पुन्हा उघडला. मागितले होते त्याहून जास्तच ड्रायव्हर फिलोमिनाने पाठवले होते. आते त्यांच्याकडे बघत राहिली आणि मोठ्याने हसली. "रांडेन बरोबर वळाखलां माका!"

आता सगळे नीट बसले. पण प्रत्येक ड्रायव्हरवर तिळाएवढा स्क्रू असतो. तो फिरवून मोटरीला किती वीज जायची ते जुळवावं लागतं. कमी झाली तर मोटर पावलं चुकते, जास्त झाली तर तापून जाते. आतेने बारीक पेचकस हातात घेतला आणि खळ्याकडे बघून हाक मारली.

"दादा, हय ये. माका दोन हात कमी पडतत."

बाबा उठले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. मग ती स्वतः गेली, त्यांना आणलं, स्टुलावर बसवलं आणि त्यांचे दोन्ही तळवे दोन मोटरींवर ठेवले.

"कशी लागता सांग."

"थंड."

तिने स्क्रू किंचित वळवला. ऊब चढायला वेळ लागतो, म्हणून दोघं वाट बघत बसली. उन्हाची तिरीप पडवीत आली होती आणि तिच्यात पिवळा भुसा तरंगत होता. मी चौकटीला टेकून उभी होते.

"आता?"

"कोमट."

आणखी थोडं वळवलं. पुन्हा वाट बघणं. माडावर कावळा येऊन गेला. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, तर त्यांचे ओठ हलत होते.

"बाय," ते म्हणाले, "ती वायर माझ्या हातान सुटलली."

"माका ठावक आसा."

"मगे लायटीचा नाव कित्याक घेतलंस?"

"लायटीक काय वायट वाटना नाय," आते म्हणाली. "आता कशी लागता?"

बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हात मोटरींवर असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना. आतेने आपल्या पदराने पुसलं.

"पेजेच्या वाडग्यासारी," ते म्हणाले.

"बस. थंयच ऱ्हवांदे."

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. मोटरी आधी चाचरल्या, मग सूर लागला. पातं घळीत उतरलं आणि बाबांनी मान वर केली, होडीचं इंजिन सुरू झाल्यावर करत असतील तशी.

समुद्र पुरा झाला तेव्हा आंब्याला मोहर आला होता. फळी पडवीत टेबलावर ठेवली. होड्यांवरची माणसं यायची, बाबा त्यांना डोळे मिटायला लावायचे आणि बोट धरून फिरवायचे. एका दुपारी त्यांनी माझंही बोट धरलं. किनाऱ्याच्या गुळगुळीत चढावावरून आम्ही खाली निघालो, वाळूच्या बारीक लाटांवरून, घळीच्या काठावरून. "आता सावकाश," ते म्हणाले. "हय पाणी एकदम थंड लागता." आणि खरं सांगते, माझ्या बोटाला थंड लागलं.

त्या पावसाळ्यात बाबा तापाने गेले. चार दिवस आजारी, पाचव्या दिवशी नाहीत. अस्थी घेऊन त्यांच्या जुन्या सोबत्यांनी होडी काढली, तेव्हा आते पुढे होऊन म्हणाली, "मी येतंय." सगळे तिच्याकडे बघतच राहिले. लुगड्याचा काष्टा आवळून, दोघांच्या खांद्यांना धरून ती चढली. जाताना-येताना ती डोळे मिटून बसली, इंजिनाच्या झाकणावरचा हात उचलला नाही. एका ठिकाणी मात्र तिने डोळे उघडले आणि तांडेलाला म्हणाली, "हयसर खाली घळ आसा ना?" तो हो म्हणाला. अस्थी तिथे सोडल्या.

मला वाटलं होतं, आता आते माझ्याबरोबर ओरोसला राहील. मी क्वार्टरमधली खोली रिकामी करून ठेवली होती. पण ती म्हापशाला निघाली. फिलोमिनाच्या हातांना कंप सुरू झाला होता. दुकान बंद केलं होतं, मुलगा परदेशी होता आणि ती एकटीच होती.

"माझ्याकडे का नाही येत?" मी स्टँडवर विचारलं. मी रडत होते, माणसं बघत होती.

"चेडवा, तुझा सगळा बरा चल्ला आसा," ती म्हणाली. "तिका साधो चमचो धरूक जमना नाय. पेज सांडता आंगावर, आणि मगे ती जेवनाच नाय. माका ठावक आसा ती." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसली. मशीनचे सुटे केलेले भाग गोणत्यात घालून टपावर चढवले होते. कंडक्टर दोरी आवळत होता तर तिने खिडकीतून त्याला सांगितलं, जास्त आवळू नको.

नंतर फोन व्हायचे. ती बरी आहे म्हणायची, फिलो बरी आहे म्हणायची, कामात आहे म्हणायची. काय काम, ते कधी सांगितलं नाही. मागल्या वर्षी झोपेतच गेली. फिलोमिनाच्या शेजाऱ्यांनी कळवलं. मी पोहोचले तोवर सगळं आटोपायच्या बेतात होतं.

महिन्याने मी पुन्हा म्हापशाला गेले, आतेचे कपडे आणायला. दुपारची वेळ होती. फिलोमिना जेवायला बसत होती. लहानखुरी बाई, पांढरे केस बारीक कापलेले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेले तरी पानांसारखे हलत होते. टेबलाच्या कडेला एक लाकडी हात बसवलेला होता. कोपरात आणि मनगटात छोट्या मोटरी, आणि पुढे बांधलेला चमचा.

फिलोमिनाने पायाखालचं बटण दाबलं. मोटरी हळू आवाजात गायला लागल्या. चमचा वाडग्यात उतरला, पेज भरून घेतली, कडेला टेकवून थेंब निथळू दिला आणि वर येऊन तिच्या तोंडापासून थोड्या अंतरावर थांबला. ती माझ्याशी बोलत होती, तोवर तो तसाच थांबून राहिला.

"मी गजालीत रमतंय ना," ती म्हणाली, "म्हणान तिना हेका थांबूक शिकवल्यान. म्हणाली, फिलो, तुझां तोंड उघडासर हो हलाचो नाय. मी आसय, नसय."

तिने घास घेतला. चमचा परत वाडग्याकडे गेला.

"ड्रायव्हर बिघडला तर?" माझ्या तोंडून निघालं.

"डब्यात आसत. तिना दोन काढून ठेवल्यान, आणि बसवूचे कसे तां माका शिकवल्यान. पण माझे हात हे असे. तुका बसवूक येतत?"

मी हो म्हटलं.

"मगे ये मधी मधी," फिलोमिना म्हणाली आणि पायाने समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आता बस. पेज निवता. लोणचां त्या बरणीत आसा, तुझ्या हातान घे."